गाव रिकामं झालं का?

ताईचं गाव एका टेबलावर मावायचं. टेबल तसं अवाढव्य, कारखान्याची एक भिंत अडवून बसलेलं; पण गाव म्हणजे गाव. त्यात गल्ल्या होत्या, जिने होते, गच्च्यांवर दोऱ्या आणि दोऱ्यांवर नखाएवढे कपडे वाळत होते. गाव होतं एका सिनेमासाठी, आणि सिनेमा पुढच्या शतकातल्या लढाईचा. त्यात पोलादी चिलखतं घातलेले सैनिक येतात, त्यांचा सेनापती विचारतो, "गाव रिकामं झालं का?" कुणीतरी "झालं" म्हणतं, आणि गाव उडतं. बस्स, एवढंच. पापणी लवेल न लवेल तोवर संपणारं दृश्य. त्यासाठी ताई आणि तिचा धाकटा भाऊ अख्खा हिवाळा पुठ्ठा, प्लास्टर आणि रंगात कोपरापर्यंत बुडाले होते.

"खोल्या आतून कशाला रंगवतेस?" धाकटा कुरकुरायचा. "आत कोण जाणार आहे बघायला?"

"राहणारे बघतील ना."

"राहणारे म्हणे! बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या त्या."

"मग? पेराएवढ्या माणसाला पेराएवढं घर नको?"

यावर तो हात जोडायचा आणि कामाला लागायचा.

बाहुल्या असायच्या त्या कॅमेरेवाल्यांच्या सोयीसाठी. शेजारी माणूस उभा असला की घर केवढं ते नजरेला कळतं, दिवे लावणं सोपं जातं. प्रत्येक बाहुलीच्या पायाखाली मेणाचा ठिपका, त्यामुळे मऊ कुंचला फिरवला की अलगद सुटून यायची. दृश्य घ्यायच्या आधी साऱ्यांना असं बाहेर काढायचं, ही वडिलांनी घालून दिलेली शिस्त. कुणी कारण विचारलं तर वडील सांगायचे, बाहुली वितळली की पडद्यावर भलतंच दिसतं. ताईला मात्र एकदा, लहानपणी, मांडीवर घेऊन वेगळंच सांगितलं होतं. "आपण घरं बांधली, म्हणजे आतल्यांची जबाबदारी आपल्यावर आली बघ. ज्याने आपल्याला घडवलं तो आपल्याला असाच वाऱ्यावर सोडतो का?" असे देखावे बनवायचा कारखाना चालवणारा साधा माणूस, पण बोलायला बसला की समोरच्याचं जेवण गार व्हायचं.

आज त्या शिस्तीला वेगळीच धार होती. दिग्दर्शकाच्या हातात याहून मोठा दुसरा सिनेमा होता आणि त्याने धाकट्याला शब्द दिला होता, "हे एका दमात नीट झालं तर पुढची सगळी शहरं तुमची. नाहीतर मी संगणकवाल्यांकडे जातो." कारखाना चालू राहायचा की त्याला कुलूप लागायचं, ते या एका दमावर होतं. धाकट्याच्या घशाखाली सकाळचा चहासुद्धा उतरला नव्हता.

ताईने कुंचला फिरवून गाव रिकामं केलं. स्फोटांचं काम बघणाऱ्या बारूदकाकांनी घराघरांत दारूच्या पुड्या ठेवल्या, तारा जोडल्या. सगळे जाड काचेमागे गेले. बारूदकाकांचा अंगठा बटणावर टेकला.

"ताई, सोडू?"

ताईने सवयीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकवार नजर टाकली आणि ती पुढे वाकली. पाण्याच्या टाकीमागे, गच्चीवर, एक बाई दोन्ही हात वर करून कपडे वाळत घालत होती.

तिला आठवलं. वाऱ्यासाठी मोठा पंखा लावून पाहिला तेव्हा हीच बाई पुन्हा पुन्हा उडून पडत होती. वैतागून ताईनेच तिला पक्क्या गोंदाने चिकटवून टाकलं होतं. मेण असतं तर कुंचल्याने सुटली असती!

"थांबा."

"आता काय?" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच.

"गच्चीवर बाई राहिलीय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकट्याने ताईचं कोपर धरलं. "ताई, पाया पडतो तुझ्या. धुरात दिसणारसुद्धा नाही ती. सोडू दे त्यांना."

"मला दिसली ना रे."

"सगळं घालवशील!"

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "चूक माझी आहे, ओरडायचं ते मला ओरड. तिला काढू दे."

बारूदकाकांनी अंगठा उचलला आणि मुकाट्याने तारा सोडवायला घेतल्या. एकदा थांबलं की सगळं सोडवून नव्याने जोडायचं, हा त्यांचा नियम. म्हणजे दुपार गेलीच. दिग्दर्शक तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलला. ताई शिडीवर चढली, पात्याने गच्चीचा टवका कापून त्याच्यासकट बाईला काढलं, भगदाडात प्लास्टर भरलं, वर रंग लावला.

खाली उतरली तर दिग्दर्शक समोर. तळहातावरच्या बाईकडे तो वाकून बघत राहिला. "हिला निघायला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असेल हो. पायच सुटत नव्हते. माझीच करणी."

दुपारी गाव उडालं, आणि असं उडालं की बारूदकाकांनी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. दिग्दर्शकानेही टाळ्या वाजवल्या. मग मान खाजवत तो भावंडांजवळ आला.

"खरं सांगायचं तर पुढचा सिनेमा मी गेल्या आठवड्यातच संगणकवाल्यांना देऊन बसलोय. हे काम होईपर्यंत तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. मनाला लावून घेऊ नका."

तो गेला, त्याची माणसं गेली. बारूदकाका जाताना दोघांच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. टेबलावर नुसती राख आणि पुठ्ठ्याचे तुकडे उरले. धाकटा खोक्यावर बसला.

"म्हणजे ती बाई जळली असती, तरी काम गेलेलंच होतं."

"हं."

"आणि मी तुला म्हणत होतो, सोडू दे."

ताई उठली. तिने त्याच्यासमोर चहा ठेवला, तो त्याने एका घोटात संपवला. मग उठून थिनरची बाटली शोधली, कापसाचा बोळा केला, आणि बाईला चिमटीत धरून तिच्या तळव्यांना चिकटलेल्या टवक्याचा गोंद हलक्या हाताने पुसू लागला.

"दिवा जरा इकडे घे गं," तो म्हणाला. "एक पाय सुटलाय."