पाटीवरची रेघ

ओट्यावर चार पाट्या भिंतीला टेकवल्या होत्या. दोन ‘पोलादपूर’, दोन ‘बिरवाडी’. प्रत्येक गावाची एक पाटी सात वर्षांपूर्वीची, एक परवाची. जुन्या अक्षरांची रेघ एक बोट जाड, नव्यांची दोन बोटं.

हैबती पेंटर सकाळपासून त्या पाट्या हलवत होता. सावलीत, उन्हात, परत सावलीत. एस.टी.च्या गाड्यांच्या पाट्या एकवीस वर्षं तोच रंगवत आला होता. काल फोरमन दत्तारामने नव्या परत पाठवल्या. अक्षरं बाळसं धरायला लागली म्हणाला. चाळीस पावलांवरून गाव ओळखू यायला हवं. जमत नसेल तर पुढच्या अठ्ठावीस पाट्या मुंबईहून साच्याने रंगवून आणायच्या. उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं.

“जाड म्हंजे ठसठशीत. त्याला काय कळतंय?” हैबती म्हणाला.

“मग मोजा की,” तांदूळ निवडता निवडता त्याची बायको प्रयागबाई म्हणाली. “नुसते भोवऱ्यावानी फिरताय.”

प्रयागबाईला वाचता येत नव्हतं. पण माहेरची बिरवाडीची गाडी ती पाटीच्या रूपावरून पकडायची, आणि कधी चुकली नव्हती. हैबतीने तिला गल्लीच्या टोकाला उभं केलं. तो एकेक पाटी न सांगता उचलून धरणार, ओळखू येईपर्यंत तिने पुढे यायचं.

जुन्या दोन्ही तिने बावन्न पावलांवरून ओळखल्या. नव्या पाट्यांच्या वेळी ती चालतच राहिली. एकतीस पावलं उरली तेव्हा थांबली.

“अक्षरांची पोटं बुजलीत वो. लांबून नुसता काळा डाग दिसतोय.”

त्याने पुन्हा मोजलं. एकतीसच. मग पाट्या तिच्या हातात देऊन तो टोकाला गेला. नव्या त्याला एकोणीस पावलांवर वाचता आल्या. जुन्या सात पावलांवर.

प्रयागबाईने पाटी खाली ठेवली. “कवापासून असं हाय?”

“दोन दिवाळ्या झाल्या. तुला सांगून काय होणार होतं गो?”

संध्याकाळी तो जुनी ‘पोलादपूर’ काखेत मारून डेपोत गेला. दत्तारामने विचारलं, दादा, काय ठरवलंत?

“मुंबईहूनच मागव. पण साचा ह्या रेघेचा कापायला सांग. जाड नको.”

दत्तारामने खिशातली पोलादी पट्टी काढली आणि जुन्या पाटीवर सहा ठिकाणी लावून पाहिली. सहाही ठिकाणी रेघ अठरा मिलिमीटर भरली.