फुंकर आणि धुराडं

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. धूर इतका दाट, की मैदानापलीकडची घरं दिसत नव्हती. ओट्यावर बसलेल्या फुंकरमहाराजांनी छाती फुगवली, गाल फुगवले आणि लांबलचक फुंकर मारली. थोड्या वेळाने धूर हलला, विरळ झाला, पलीकडची घरं दिसू लागली आणि एकच जयजयकार उठला. मी सगळ्यांच्या मागे एकटाच गप्प उभा होतो. गर्दीत कुठेतरी माझी बहीण होती, आणि मला फक्त तिचा खोकला ऐकू येत होता.

कापणी झाली की शेतातली खोडकं पेटवून द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मग सगळी थंडी तो धूर घरोघरी मुक्कामाला. कपड्यांना त्याचा वास, उशांना त्याचा वास. यंदा कुठूनसे हे महाराज उगवले आणि रोज सकाळी फुंकरीने धूर घालवू लागले.

मी शाळेत भूगोल शिकवतो. घरात ताई आणि मी, दोघंच. ताईला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप तिने पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला होता, कारण महाराज म्हणाले होते, "यंत्राचा श्वास आणि माझा श्वास एका छातीत नांदत नाहीत!" असली वाक्यं त्यांच्याकडे पोत्याने होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पंप असाच बंद राहिला तर एखाद्या सकाळी हिचा श्वास परत यायचा नाही.

"ताई, ऊन चढेपर्यंत घरात थांब ना. तोच धूर छातीत भरून घ्यायला तिथे कशाला जातेस?"

"तू शाळेत गेलास की या घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तिथे कुणीतरी पाठीवरून हात तरी फिरवतं रे."

दुसऱ्या दिवसापासून पंप खिशात घालून मीही मैदानावर जाऊ लागलो.

एक गोष्ट मला खटकली. महाराज डोळे कधी मिटत नसत. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायचो आणि ते आमच्या डोक्यांवरून पलीकडे. एकदा मी मागे वळून पाहिलं. तिकडे गिरणीच्या धुराड्याचं टोक धुराच्या वर आलेलं होतं. त्यातून निघणारा धूर आडवा पसरत असेपर्यंत महाराज गोष्टी सांगायचे. तो वर चढू लागला, की लगेच गाल फुगायचे.

त्या दिवशी मी ओट्यापाशी गेलो.

"महाराज, तुम्ही आतल्या डोळ्याने बघता म्हणता ना? मग आज हे बाहेरचे डोळे बांधून फुंकर मारा."

लोक मला मारायला धावतील असं वाटलं होतं. झालं उलटंच.

"बांधा, बांधा! महाराजांना डोळे कशाला लागतात? मास्तरची जिरवा एकदाची!"

किराणा दुकानदाराने स्वतःचा मफलर काढून आवळलासुद्धा. महाराज "अरे, पण मुहूर्त..." म्हणेपर्यंत गाठ बसली होती.

ओट्यावर शेजारी बसलेला महाराजांचा शिष्य मात्र पक्का. "वेळ झाली की खोकतो," असं तो महाराजांच्या कानात कुजबुजला, तेही मी ऐकलं. पण त्या धुरात खोकल्याची खूण! पुढे बसलेली आमच्या शेजारची आजी खोकली, महाराजांनी फुंकर मारली. धूर जागचा हलला नाही. मागे कुणी खोकलं, पुन्हा फुंकर. मग मैदानभर खोकला सुरू झाला आणि महाराज फुंकत सुटले. पार लालबुंद झाले, धूर तिथेच. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी धुराड्याकडे बघत थांबलो होतो. तिथला धूर तिरपा झाला, मग सरळ चढू लागला.

"ताई, मागे वळून बघ. तो धूर वर चालला. आता इथलाही जाईल."

ताई वळली. हळूहळू बाकीचेही वळले. महाराज दमून गप्प बसले होते, आणि घरं दिसू लागली.

"थंडीत रात्री जमीन गार पडते," मी मोठ्याने म्हणालो. "तिच्यालगतची हवा गार, जड होते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खाली कोंडतो. उन्हाने जमीन तापली की हवा वर उठते, झाकण मोडतं. फुंकर मारा नाहीतर झोपा काढा. आणि हा धूर येतो कुठून? आपण खोडकांना काडी लावतो तिथून."

या शेवटच्या वाक्याला हसू थांबलं. महाराजांवर हसणं सोपं होतं. लोक खाली माना घालून पांगले, आमच्याबरोबर कुणीच चाललं नाही. दुपारपर्यंत महाराजही गायब झाले.

घरी येऊन ताईने पंप घेतला. धाप जरा ओसरल्यावर म्हणाली, "धुराचं कळलं रे मला. पण उद्या सकाळी मी बसू कुणाजवळ?"

आता शाळेची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं बंद खिडकीच्या काचेतून धुराडं बघत बसतो. ताईने तिथे तिसरी खुर्चीही आणून ठेवली आहे. अजून तिच्यावर कुणी बसलेलं नाही. शेतं अजून जळताहेत, आणि भिंतीपलीकडून त्या आजीचा खोकला ऐकू येतो. चमत्काराची वाट बघू नका. काडी ओढण्याआधी तेवढा शेजारचा खोकला ऐका.