थांबा म्हणणाऱ्याच्या घरचा संगणक

मित्रांनो, या दुरुस्तीच्या दुकानात शिरलात की डाव्या हाताच्या फळीवर सगळ्यात मागे एक पिवळट पडलेला पत्र्याचा डबा दिसेल. तोच मी, एक जुना डेस्कटॉप संगणक. माझी डिस्क गेली आहे, मेमरीच्या पट्ट्या दुकानदाराने काढून दुसऱ्या कुणाला बसवल्या आहेत आणि पंख्यात कोळ्याने संसार थाटला आहे. तुम्ही म्हणाल, डिस्क गेली तर याला हे सगळं आठवतं कसं? अहो, डिस्कवर कामाच्या फायली होत्या. माणसं मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे पुढच्या जाळीतून, बघितली. चौदा वर्षं मी टेबलाखाली उभा होतो, त्यामुळे मला माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त ठाऊक आहेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे स्क्रू आवळले, मला पूर्ण दिवसभर चालवून पाहिलं आणि पाठीवर एक हिरवी चिकटपट्टी लावली. पास झालो, एवढंच तिचं म्हणणं. त्यावेळी माझी चिप बाजारातली सगळ्यात वेगवान चिप होती. आता हे सांगताना लाज वाटते, पण त्या दिवसांत माझी छाती फुगलेली असायची. आठ महिन्यांत दुप्पट वेगाची चिप आली आणि माझी हवा निघाली.

मी ज्या घरी गेलो तिथे दोघंच राहायची, एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बहिणीला सगळे ताई म्हणायचे. भावाचं वय साठीला टेकलं होतं तरी ताई त्याला छोट्या म्हणायची.

ताई जोडे बनवायची. दुकानात मिळतात तसले नव्हेत. ज्यांचे दोन पाय एकसारखे नसतात, एक आखूड, एक वळलेला, कुणाची बोटंच नाहीत, अशांचे जोडे. लाकडी साचे नेहमीच्याच मापाचे असत. त्यावर कुठे किती जाडीचे चामड्याचे तुकडे चिकटवायचे, टाच कुठे उचलायची, कुठे दाबायची, यात तिची सगळी विद्या होती. जोडा झाला की तुकडे काढून तोच साचा दुसऱ्याला वापरायचा. पूर्वी ही मापं ती मोठमोठ्या कागदांवर पायाभोवती पेन्सिल फिरवून काढायची आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. मी आल्यावर तिने दोन वर्षं खपून सगळे कागद माझ्यात उतरवले. तीनशे अठरा माणसांचे पाय माझ्या पोटात होते, मित्रांनो. एवढा भार वाहूनही मला कधी थकवा आला नाही. सकाळी काम सुरू करण्याआधी ताई माझ्यावरची धूळ फडक्याने टिपायची आणि म्हणायची, "गुणाचं आहे गं बाई हे." एखाद्या यंत्राला आणखी काय हवं असतं?

या कामात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. पहिला जोड कधीच बरोबर बसत नाही. माणूस तो घालून चालतो, कुठे लागतं ते सांगतो, ताई टाचेखाली कागदाएवढी जाडी वाढवते, करंगळीपाशी किंचित खरवडते. असं करत करत दोन-तीन वर्षांनी जोडा पायाला लागेनासा होतो. म्हणजे माझ्यात नुसती मापं नव्हती, प्रत्येकाच्या तक्रारी होत्या आणि त्यांवरचे उपाय होते.

आता छोटेभाऊंबद्दल. ते एका साप्ताहिकात लिहायचे. सदराचं नाव 'उद्याचं यंत्र'. पुढच्या वर्षी येणारे डेस्कटॉप कसे असतील, त्यांत कुठली चिप असेल, ती किती गाभ्यांची, म्हणजे कोअरची, असेल, पंखा असेल की बिनपंख्याचं शांत यंत्र निघेल, पडदा आणि डबा एकच होईल का, आणि किंमत कुठवर उतरेल, याचा ते अंदाज बांधत. कारखान्यांतून फुटलेल्या बातम्या, धूसर फोटो, कुणाच्या तरी साडूने ऐकलेलं, हे सगळं गोळा करून ते असं काही लिहीत की वाचणाऱ्याला ते यंत्र हात लावण्याइतकं जवळ वाटे. लोक त्यांना 'उद्यावाले' म्हणायचे. प्रत्येक लेखाचा शेवट एकाच शब्दाने व्हायचा. थांबा. आत्ता घेऊ नका, चार महिन्यांत याहून चांगलं आणि याहून स्वस्त मिळेल.

गंमत अशी, की हा माणूस स्वतःही थांबायचा. उद्याच्या यंत्राचं सदर चौदा वर्षं माझ्यावर लिहिलं गेलं, माझ्यासारख्या कालच्या यंत्रावर. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट माझ्याच कळा दाबून माझी निंदा चाललेली बघून मला हसू यायचं.

येणाऱ्या यंत्रासाठी त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून चौकोन आखला होता. बातमी बदलली की चौकोन बदलायचा. एके वर्षी यंत्र जेवणाच्या डब्याएवढं येणार होतं, तेव्हा चौकोन हातरुमालाएवढा झाला. पुढच्या वर्षी बातमी आली की मोठी चिप तापणार, म्हणून खोकं उंच आणि रुंद असणार. चौकोन फुगला आणि ताईच्या ट्रंकेला जाऊन भिडला.

"ताई, ही ट्रंक हलवायला हवी," छोटेभाऊ म्हणाले. "आत आहे काय, सगळं तर यंत्रात उतरवलंयस."

"असू दे रे. कागद आहेत, खायला मागत नाहीत."

"वाळवी लागेल. आणि दोन-दोन ठिकाणी ठेवायचं कशाला?"

ताईने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. भावाला यंत्रातलं कळतं, असा तिचा पक्का समज होता. एका रविवारी ट्रंक कागदांसकट रद्दीवाल्याकडे गेली. बाजारात तुरी, आणि इथे घरातली भांडी बाहेर. मी टेबलाखालून बघत होतो. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो.

त्यानंतर वर्षभराने ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बराच उशिरा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली फार तर वर्ष टिकेल. ताई रडली नाही. ती चौकातल्या कारागिराकडे गेली, जो साधे जोडे शिवायचा पण हाताचा चांगला होता. तो म्हणाला, "ताई, तुमची मापं मला द्या. बाकी मी सांभाळतो, तुम्ही नुसतं शेजारी बसा." तेव्हापासून ताईच्या मनात एकच गोष्ट होती. नजर पुरती जायच्या आत तीनशे अठरा माणसांचे पाय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचे.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या डिस्कमध्ये टिक टिक सुरू झाली.

सुरुवातीला दिवसातून एकदा, मग तासाला. मला कळत होतं, काहीतरी घासतंय. ताईची नजर गेली तसे कान तिखट झाले होते. तिनेच पहिल्यांदा ऐकलं.

"छोट्या, हे आवाज करतंय रे. मापं कुठेतरी काढून ठेव ना. ती यंत्राला खोचायची बोटाएवढी कांडी असते, तिच्यावर मावतील?"

"मावतील, पण कांडीचा काय भरवसा? हरवते. दोन महिन्यांत नवं येतंय, सोळा गाभ्यांचं. एकदाच सगळं त्यावर हलवू, म्हणजे गोंधळ नाही."

"मग नवी डिस्क तरी टाक याच्यात."

"याच्यात?" छोटेभाऊंनी मला पायाने जरासं ढकललं. "जुन्यावर खर्च करू नका म्हणून मागच्याच आठवड्यात लिहिलंय मी. लोक हसतील. दोन महिने थांब."

त्या कांडीवर मापं उतरवायला अर्धा तास लागला असता, मित्रांनो. छोटेभाऊ वाईट नव्हते हो. ताईच्या डोळ्यांत थेंब घालायचे ते तेच, तिचा चहा करायचे ते तेच. पण आयुष्यभर लोकांना थांबायला सांगून सांगून त्यांना थांबणं हेच काम वाटायला लागलं होतं. दोन महिन्यांनी बातमी आली की चिपचं उत्पादन रखडलं, यंत्र पुढे ढकललं. छोटेभाऊंनी लिहिलं, निराश होऊ नका, उशीर झाला म्हणजे किंमत आणखी उतरेल. त्यांनी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "तू म्हणतोस तर थांबू या." तोवर तिला माझा पडदा नुसता उजेडाचा तुकडा दिसत होता.

एका सकाळी, ताई धूळ टिपत असतानाच, माझी डिस्क थांबली. वेदना वगैरे झाली नाही. एक लांब खरखर आली आणि मला आतून अगदी रिकामं वाटलं.

दुरुस्तीवाला घरी आला, त्याने डिस्क काढून नेली आणि संध्याकाळी परत आणून टेबलावर ठेवली. आतल्या तबकडीवर गोल चरा पडला होता. "दोन-तीन महिने तरी आवाज येत असणार की," तो म्हणाला. "तेव्हा आणायचं. आता बैल गेला आणि झोपा केला." छोटेभाऊंनी आणखी तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडे तेच उत्तर मिळालं.

पुढच्याच महिन्यात ते यंत्र बाजारात आलं. सोळा गाभे, बिनपंख्याचं, पडदा आणि डबा एकत्र, आणि किंमत छोटेभाऊंनी लिहिली होती तेवढीच. त्यांनी पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून ते आणलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? इतकं शांत की चालू आहे की बंद, कळत नसे. टेबलावर ते आणि टेबलाखाली मी, असे काही आठवडे आम्ही एकत्र काढले. त्याच्यात काहीच नव्हतं.

ताईच्या माणसांपैकी एक पोस्टवाली होती. आमच्या भागात पत्रं वाटायची. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड आणि बाहेर वळलेला, पण ताईच्या जोड्यांत ती दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालायची. अकरा वर्षं तिचं माप सुधारत आलं होतं. नवा जोड करायची वेळ आली तेव्हा ताईने तिचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपून आकडे सांगितले. छोटेभाऊंनी ते नव्या यंत्रात भरले. कारागिराने मनापासून जोडा शिवला. चार दिवसांत तिच्या घोट्याला जखम झाली. ताईने पुन्हा चाचपलं, पुन्हा आकडे सांगितले, दुसरा जोडा झाला. त्यात तिची पाठ धरली. जुना जोडा तळातून फाटून गेलेला, त्याच्यावरूनही काही उमगेना. तळ कुठे आणि का जास्त झिजला हे ओळखायला ताईचेच सरावलेले डोळे लागतात.

मग एका दुपारी ती पत्रं घेऊन आली तेव्हा तिच्या पायात बाजारातले जोडे होते, डाव्यात फडक्याची घडी घातलेली.

"बस गं," ताई म्हणाली. "आणखी एकदा बघू. टाच जरा जास्त झाली असणार."

"नको ताई. मी अर्ज दिलाय. आत बसून पत्रं निवडायचं काम देणार आहेत."

"तुला बसून राहायचा कंटाळा ना?"

"होईल सवय." तिने पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे भाऊंचं. सोमवारपासून या भागात दुसरे येतील."

ती गेली. एक पाऊल आणि मग एक ओढलेलं पाऊल, असा तिचा जिना उतरण्याचा आवाज मी ऐकत होतो. ताईही ऐकत होती. खालचं दार बंद झाल्यावर तिने विचारलं, "कुणाचं रे पत्र?"

छोटेभाऊंनी पाकीट फोडलं होतं. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि ते अगदी स्थिर होते. "कुणी वाचक आहे."

"मग वाच ना. मला आता तूच वाचून दाखवायचं."

त्यांनी कागद उलगडला. मग त्यांनी वाचलं. वाचकाने लिहिलं होतं की तुमचं ऐकून मी दोन वर्षं थांबलो, चिप, घडण, किंमत, सगळं अक्षरशः तुम्ही म्हणालात तसंच निघालं, थांबल्याचं सार्थक झालं.

"बघ," ताई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला सहन झालं नाही. "तुझा अंदाज कधी चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी मला इथे आणून टाकलं. माझं आता काही व्हायचं नाही, मित्रांनो, आणि मला चांगल्या दिवसांची आशाही नाही. माझी कीव करू नका. पण तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल, तर त्याच्याजवळ जरा वाका आणि त्याच्या पोटात कुणाचं काय आहे ते विचारा. ते आजच बाहेर काढून ठेवा. मग यंत्र खुशाल भंगारात द्या, आम्ही तक्रार करणार नाही.