पौर्णिमाचा फोल्डर

अपेक्षाला मी दीड महिना सांगत होतो की नेटवर्क खराब आहे. पहिले चार दिवस मला ते खरंच वाटत होतं. त्यानंतरचं खोटं होतं.

अपेक्षा माझी मुलगी, अकोल्याला दिली आहे. मी अमरावतीत एकटा राहतो. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघायचो, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. बायको पौर्णिमा या पौषात गेली. किडनीचा आजार. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललं.

घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, कारखान्याच्या भंगारातून घेतलेला. चित्रा चौकातल्या वलीने त्याला दोन नव्या डिस्क लावून सर्व्हर करून दिला. सगळ्यांच्या मोबाइलमधलं त्यावर ठेवायचं, अकोल्याहून अपेक्षालाही उघडता यायचं. प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर होता. पाहुणा आला की मी त्याला आधी सर्व्हर दाखवायला न्यायचो. पौर्णिमा म्हणायची, "अगोदर पाणी तं पिऊ द्या त्याले."

चैत्रात अपेक्षाचा फोन आला.

"बाबा, आईचे व्हिडिओ पाठवा ना. औंदा कुरड्या करून राहिली मी."

"कोणते व्हिडिओ?"

"माह्यासाठी करून ठेवले ना तिनं. कुरड्या, सांडगे, लोणचं, सगळं. मोठे होते, व्हॉट्सअॅपवर जात नव्हते. म्हणे बाबाच्या सर्व्हरवर टाकून राहिली. मी पाह्यलं तं तिच्या फोल्डरात जुने फोटोच दिसते."

"नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणालो. "करतो दुरुस्त."

वायर बदलली. राउटर बंद करून चालू केला. सर्व्हर दोनदा सुरू केला. माझा फोल्डर उघडत होता, अपेक्षाचा उघडत होता, पौर्णिमाचाही उघडत होता. त्यात दोन दिवाळ्यांपूर्वीपर्यंतचे फोटो होते. पुढे काही नाही. चौथ्या दिवशी वलीला बोलावलं.

वली खुर्चीत बसला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, नेटवर्क एकदम बढिया आये. काकूच्या नावाले टाकायची परवानगीच नाही. फक्त पाह्याची आये. हे कोणं केलं?"

कोणी केलं ते मला तेव्हाच आठवलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पौर्णिमाच्या हातून माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाचे फोटो पुसले गेले होते. मी तिला फार बोललो. कारखान्यात कोणी नको ते बटण दाबू नये म्हणून आम्ही पॅनलला कुलूप घालायचो. तसंच मी तिच्या नावाला घातलं. शिवाय सर्व्हरमध्ये एक नोंद चालू केली. कोणी काय उघडलं, काय टाकायला गेलं, झालं की नाही, सगळं त्यात लिहिलं जातं. पुढच्या वेळी चोर सापडावा म्हणून. घरात आम्ही दोघंच होतो.

आठ दिवसांनी कुलूप काढणार होतो. कारखान्यात कुलुपावर घालणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. ज्याने घातलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. इथे चिठ्ठी नव्हती. मी विसरलो.

आणि तिने मला सांगितलं नाही असं नाही.

"अहो, तुमचा सर्व्हर माह्यं काही घेऊनच नाही राहिला. लाल अक्षरात काहीतरी येते."

"तूच भलतं दाबत असशील."

"बरोबरच दाबून राहिली बाप्पा. इथं येऊन पाहा तं."

"उद्या पाहतो."

असं तीन-चार वेळा झालं. मग तिने सांगणं सोडलं. मला वाटलं, जमलं तिला.

"काही नाही काका," वली म्हणाला. "काकूचा मोबाइल द्या. त्याच्यातून काढून घेऊ."

मोबाइल मी देऊन टाकला होता. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं वापरातलं घरात ठेवत नाहीत. तेरवीला गादी, छत्री, चपला, तिचं ताट, सगळं दिलं. मोबाइल घरकामाला येणाऱ्या पार्वताबाईला दिला. डायलिसिसला पौर्णिमासोबत तीच जायची. देण्याआधी मी स्वतः तो कोरा केला. आत काय आहे ते पाहिलं नाही. पाहवत नव्हतं. आणि सगळं सर्व्हरवर आहे अशी मला खात्री होती.

आम्ही पार्वताबाईकडे गेलो. तिने मोबाइल पदराने पुसून दिला. "भाऊ, काही बिघडलं का माह्याकून?"

वलीने तिथेच बसून बघितलं आणि मान हलवली. "कोरा केला की मंग काही निघत नाही काका. गूगलवर तरी राह्यलं असतं, पण ते तुमीच बंद करायले लावलं होतं. घरी सर्व्हर असताना कायले पाह्यजे, म्हणे."

पार्वताबाईला अर्धंच समजलं. ती म्हणाली, "बाई दुपारी मोबाइल डब्याले टेकवून बोलत बसे. तुमी झोपले की. मी म्हणो, कोणाशी बोलून राहिल्या? तं म्हणे, पोरीशी."

त्यानंतर महिनाभर अपेक्षाचा फोन आला की मी नेटवर्क म्हणायचो. कधी राउटर म्हणायचो. एकदा कंपनीचा माणूस येणार आहे म्हणालो. ती म्हणाली, "त्या माणसाले चहा पाजा बाबा, मंग येईल." मी हसलो.

एके दिवशी वली पुन्हा आला. हातात तीन कागद होते. मागच्या खेपेला त्याने सर्व्हरमधली ती नोंद काढून नेली होती, आता छापून आणली.

"काका, व्हिडिओ गेले. पण नावं आयेत."

ओळीमागे ओळ होती. तारीख, दुपारची वेळ, पौर्णिमाचं नाव, व्हिडिओचं नाव, आणि शेवटी प्रत्येक ओळीत 'परवानगी नाही'. व्हिडिओला नाव कसं द्यायचं ते अपेक्षाने तिला शिकवलं होतं. एकतीस नावं होती. 'कुरड्या गहू भिजवणे'. 'कुरड्या चीक शिजवणे'. 'सांडगे कोहळा'. 'बरणीचं फडकं'. 'बाळाला तेल'. एकेक नाव चार-पाच वेळा आलं होतं, कारण ती पुन्हा पुन्हा टाकून बघत होती. मी शेजारच्या खोलीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याच्या एसटीत बसलो. कागद खिशात होते. मोबाइल कोरा केला हे सांगायचं ठरवलं होतं. दुःखात माणूस असं करतो, ती समजून घेईल. कुलपाचं सांगायचं की नाही ते अकोला येईपर्यंत ठरलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मोबाइलचं सांगितलं आणि कागद पुढे ठेवले. अपेक्षाने पहिला कागद उचलला.

"मंग दीड महिना नेटवर्क काय खराब होतं?"

"नव्हतं."

"मी तुमच्या जावायाले सांगून राहिली, आमचे बाबा सगळं दुरुस्त करते." तिने डोळे पुसले आणि पेन घेतला. "तुमी घरीच होते ना, ती करे तवा? सांगा मंग. कुरड्याचे गहू किती दिवस भिजवायचे?"

"तीन?"

"मले इचारता का सांगता?"

"माहीत नाही."

"पाणी रोज बदलायचं?"

तेही माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी त्या कुरड्या खाल्ल्या. अपेक्षाने नावापुढे लिहिलं, 'बाबाले माहीत नाही'. सांडग्यापुढे तेच लिहिलं. एकापुढे एक तेच लिहीत गेली.

'बरणीचं फडकं' आलं तेव्हा मी म्हणालो, हे येतं. डायलिसिसची सुई लागायची त्या हाताने तिला जोर लावायची बंदी होती, म्हणून शेवटी शेवटी मीच बांधायचो. फडकं सुती, दोरीचे तीन वेढे, गाठ बाजूला घ्यायची.

"हे कोणं शिकवलं?"

"तिनंच. ओरडून."

अपेक्षाने ते लिहून घेतलं. मग शेवटच्या कागदावर आली. तिथे मार्गशीर्षातल्या एकाच दुपारच्या ओळी होत्या. 'टेस्ट'. 'टेस्ट २'. 'आता तरी जा'.

"हे कायचं आये, बाबा? 'आता तरी जा'?"

तिचा मोबाइल बिघडला होता म्हणून सांगू शकलो असतो. नेटवर्क म्हणू शकलो असतो. मी कुलपाचं सांगितलं. दिवाळीतले फोटो, लाल अक्षरं, उद्या पाहतो म्हणालो ते, सगळं सांगितलं.

तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन दिला.

"इथलं तुमाले माहीत आये. लिहा."

मी 'आता तरी जा'च्या पुढे लिहिलं, 'कुलूप मी घातलं होतं'. खाली नाव लिहिलं, खुशालराव. कारखान्यात चिठ्ठीवर लिहायचो तसं.

अपेक्षा उठून आत गेली. थोड्या वेळाने पातेल्यात गहू पडल्याचा आवाज आला. ती आतूनच म्हणाली, "तीन दिवस धरून चालते मी. बिघडले तं बिघडले."