फणीच्या खोलीबाहेर

अकरा दिवसांत शीलाताईंच्या डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं आली होती, की विचारू नका! अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या वर्कशॉपात एक लेझर होता आणि तो काही केल्या जागेवर राहत नव्हता.

साधासुधा लेझर नव्हे हं. केसासारख्या काचेच्या तारेत फिरणारा प्रकाश, आणि त्यात लाखो रंग, फणीच्या दातांसारखे सारख्या अंतरावर. म्हणून सगळे त्याला फणीच म्हणायचे. तार उबेनं जराशी लांबली, की दात सरकायचे. मग तारेला चिकटवलेला स्फटिकाचा एक खडा विजेनं फुगून-आकसून तिला मापात आणायचा. पण ओढून ओढून खडा तरी किती ओढणार? तो थकला, की संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल. फणी सुटली!

चाळीस मिनिटांपुढे ती कधी टिकलीच नव्हती. गिऱ्हाइकाला हवे होते सलग सहा तास. पुण्याहून येणारा तपासनीस दोनदा नकाराची मान हलवून गेला होता. उद्याची खेप शेवटची. पास झाली तर गिऱ्हाईक दुसरी फणीही घेणार; नापास झाली तर फणीचं काम बंद, आणि शीलाताई परत मागच्या शेडमध्ये चार्जर सोल्डर करायला. तारेचा एकेक सांधा ज्यांनी स्वतः जोडला, त्यांनी!

"खोली सोडायची नाही कुणी," हा मालक विष्णुपंतांचा हुकूम. नजर ठेवली की मशीन सरळ चालतं, हे ते जुन्या नोकरीतून घेऊन आलेले. म्हणून तिघं त्या एवढ्याशा खोलीत दार लावून बसायची.

तिसरी चैत्राली, नुकतीच एमएस्सी झालेली. "ताई, मैं तो पक गयी. तार ठेवलेली ही पेटीच बेकार आहे. उल्हासनगर कॅम्प दोनच्या आईस्क्रीमपेटीवाल्याकडून बनवली ना? आता कुल्फीच लावू हिच्यात."

"गप गं. झाकणाचे स्क्रू बघ."

त्या दुपारी विष्णुपंत बीपी तपासायला गेले, चैत्राली स्क्रू आणायला उल्हासनगरला. शीलाताई डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या आणि भाकरी हातात असतानाच त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेतीन! धावत आत गेल्या.

हिरवा. सलग दोन तास वीस मिनिटं.

हरखून त्या समोरच बसल्या. चैत्राली आली, विष्णुपंत आले, दोघंही आत बसली. अर्ध्या तासात लाल.

शीलाताईंनी लाल ठिपक्याकडे पाहिलं, खोलीत दाटून बसलेल्या दोघांकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सर, आपण तिघं शेगड्या आहोत शेगड्या! आपल्याच अंगाच्या उबेनं तार लांबतेय."

"काहीतरीच!" विष्णुपंत म्हणाले, पण त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी दहाला तपासनीस गंधार आला. विष्णुपंतांनी सवयीनं पाहुण्याची खुर्ची थेट लेझरजवळ मांडली, चहा ठेवला. शीलाताई दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, आत कुणीच बसायचं नाही."

"मग मी तपासणार काय?"

"शीलाबाई, पाहुणे आहेत ते!" विष्णुपंत कुजबुजले.

"पाहुण्यांनाही ऊब असते, सर."

गंधार हसला नाही. "माझ्यामागे तुम्ही काही केलंत तर?"

"तुम्हीच कुलूप लावा. किल्ली खिशात ठेवा. संगणक मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो."

दहा वाजून पाच मिनिटांनी हिरवा ठिपका बघून त्यानं कुलूप लावलं, वर सहीची पट्टी चिकटवली. पडदा आत, चौघं बाहेर. शेजारच्या कारखान्याचा प्रेस धडधडला, की शीलाताई बाकावरून उठायच्या. तीनदा त्या दारापर्यंत गेल्या, तीनदा परत बसल्या. अकरा दिवस पहारा केला, पण हे नुसतं बसणं त्याहून जड होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी कुलूप उघडलं. गंधार एकटाच आत गेला. नोंदीवरून त्याचं बोट हळूहळू खाली सरकताना दारातून दिसत होतं.

"एकदाही सुटली नाही," तो म्हणाला आणि कागदावर सही केली.

चैत्रालीनं किंकाळी फोडली. विष्णुपंत दोन्ही हातांनी गंधारचा हात हलवत राहिले. शीलाताईंना हसू येईना, रडूही येईना. त्यांनी पिशवी उचलली.

"सर, उद्या मी येत नाही. झोपणार आहे."

"परवाही येऊ नका," विष्णुपंत म्हणाले.

"परवा येईन," शीलाताई म्हणाल्या. "ती दुसरी फणी कोण जोडणार?"