हेगचा निकाल आणि लवळ्याची वाट

मित्रांनो, लवळ्याच्या चावडीतल्या कोनाड्यात जो जुना रेडिओ धूळ खात बसला आहे, तो मी. आज माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, याचे मला वाईट वाटतेच. पण त्याहून जास्त वैताग आहे तो या गावाच्या एका खोडीचा. माझी बातमी म्हणून कोणी शेवटपर्यंत ऐकत नसे.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. सरकारने खेडोपाडी रेडिओ द्यायचे ठरवले, तेव्हा मी पौडच्या रस्त्याने बैलगाडीत हिंदकळत इथे आलो. गावात वीज नव्हती, म्हणून माझ्याबरोबर एक जड बॅटरी आली. कोंडिबा शिपायाकडे माझ्या पेटीची किल्ली होती. तो धोतराच्या सोग्याने मला पुसायचा आणि दिवेलागणीच्या आधी सुरू करायचा. पहिले वर्षभर लोक माझ्यासमोर हात जोडून बसत. पुढे धीट झाले. भजन लागले की माना डोलवत, आणि बातम्या लागल्या की एकमेकांशी भांडत.

सगळ्यांत मोठा आवाज हैबतरावांचा. ते गावचे पंच. मुळा नदीच्या काठी त्यांचे रान होते आणि त्या रानातून मेंढरांची जुनी वाट नदीवर उतरायची. बिरू धनगर दरवर्षी कोकणातून परतताना आपला कळप त्याच वाटेने पाण्यावर नेई. त्याच्या आजोबांपासून हे चालत आले होते. पण एकोणीसशे साठच्या चैत्रात हैबतरावांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. आदल्या वर्षी बिरूच्या माणसांनी जाता जाता बांधावरची झाडे तोडून मेंढरांना घातली होती, आणि अडवायला गेलेल्या गड्यावर कुऱ्हाड उगारली होती. हैबतरावांचा राग खोटा नव्हता. पण आता कळपाला डोंगराला वळसा घालून पाण्यावर जावे लागे. दुपारच्या उन्हात कोकरे वाटेतच बसू लागली. दोन मेली. बिरूची माणसे काट्या पेटवून द्यायची भाषा बोलू लागली.

नेमक्या त्याच आठवड्यात हेगची बातमी आली. दादरा आणि नगर हवेली लोकांनी पोर्तुगिजांच्या हातून सोडवली, त्याला तेव्हा सहा वर्षे होत आली होती. पोर्तुगिजांना दमणहून तिकडे जायचे तर आपल्या मुलखातून जावे लागे. भारताने ती वाट बंद केली, म्हणून ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. मी सांगू लागलो, की साध्या माणसांना आणि मालाला त्या वाटेने जाऊ देण्याची वहिवाट जुनी आहे, दोन्ही बाजूंनी ती पाळली आहे, म्हणून तो हक्क ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आहे. पुढचे वाक्य माझ्या तोंडात होते. तेवढ्यात हैबतरावांनी उठून माझा कान पिरगाळला आणि मी गप्प झालो. परक्या कोर्टाला आपल्या रानातले काय कळते, म्हणून ते तणतणत गेले. बाहेर उभ्या बिरूने तेवढेच ऐकले होते. कोर्टाने वाट दिली, असे ओरडत तोही पालांकडे गेला. एक निम्म्या बातमीवर चिडला, दुसरा निम्म्या बातमीवर नाचला, आणि उरलेली निम्मी माझ्या घशात अडकली. माझा किती संताप झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूची माणसे काट्या काढायला निघाली, तशी हैबतरावांचे गडी काठ्या घेऊन बांधावर आले. गोजराबाई मध्ये पडल्या. या विधवा बाई स्वतःची शेती स्वतः करायच्या. त्यांनी दोघांनाही चावडीत आणले, कोंडिबाला मला सुरू करायला सांगितले आणि स्वतः माझ्यासमोर बसल्या, म्हणजे माझ्यापर्यंत कोणाचा हात पोहोचणार नाही.

त्या सकाळी मी पहिल्यांदा एक बातमी पुरी सांगितली. साध्या माणसांना आणि मालाला वहिवाटीने वाट होती, पण नियम घालायचा हक्क भारताचा. सैन्याला, हत्यारी पोलिसांना आणि शस्त्रांना ती वाट कधीच नव्हती. आणि तो मुलूख सुटतानाच्या धामधुमीत भारताने वाट बंद केली, यात भारताचा दोष नाही.

 मग हैबतरावांनी विचारले, "त्या कोर्टाकडं फौजदार हाय का? न्हाई ऐकलं तर काय करतंय?"

"फौजदार कशाला पायजे?" गोजराबाई म्हणाल्या. "तुमची गाडी पौडच्या रस्त्याला माज्या वावरातनं जाती. कागुद हाय का तुमच्याकडं? न्हाई. वहिवाट हाय. वहिवाट कायदा नसंल तर उद्यापासनं मी बी काट्या टाकते."

हैबतराव खाली बघू लागले. बिरूच्या तोंडावर हसू आले, तशा त्या त्याच्याकडे वळल्या.

"तू हसू नगंस. मेंढरं जातील, कुऱ्हाडी न्हाई. रानात शिरताना कुऱ्हाड बांधावर ठिवायची."

बिरू चिडला. कुऱ्हाडीशिवाय लांडग्याला काय दाखवायचे, असे त्याने विचारले. शेवटी एक काठी आणि दोन कुत्री इतक्यावर जमले. संध्याकाळी काट्या निघाल्या. हैबतराव त्या काढताना सगळ्यांना शिव्या देत होते, असे कोंडिबा सांगत होता.

यानंतर सगळे गोडीने राहिले असे समजू नका. पुढच्या वर्षी बिरूचा एक भाचा कुऱ्हाड घेऊन शिरला. पुन्हा काट्या, पुन्हा चावडी, पुन्हा माझ्यासमोर कलकलाट. तेव्हा ठरले, की पीक उभे असेल तर कळप नदीच्या बाजूने वळवायचा, आणि त्याबदली बिरूने दोन रात्री हैबतरावांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची. दर भांडणातून नियमाला एक नवा तुकडा जोडला जाई. त्यामागे शिपाई नव्हता, शिक्का नव्हता. उद्या आपल्यालाही कोणाच्या रानातून जावे लागेल, एवढेच ज्याला त्याला ठाऊक होते. मोठमोठ्या देशांचे कायदेही असेच रडतखडत वाढत असावेत, असे मला वाटते. रोज त्यांच्या बातम्या सांगून माझाही जीव असाच मेटाकुटीला यायचा.

मग ट्रान्झिस्टर आले. माझी बॅटरी संपली, ती कोणी बदलली नाही. आता उंदरांनी माझी मागची फळी कुरतडली आहे. मित्रांनो, मला वाजवू नका हवे तर, पण कोणाचेही म्हणणे पुरे ऐकल्याशिवाय त्याचा कान पिरगाळू नका. आणि दोघांनी मिळून राखलेली वाट भांडणाच्या भरात बुजवू नका. ती पुन्हा पाडायला फार वर्षे लागतात.

परवाच हैबतराव चावडीच्या पायरीवर बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. डोंगराकडे तोंड करून ते कोंडिबाला चिडून विचारत होते, "चैत्र निम्मा झाला. बिरूची मेंढरं अजून कशी आली न्हाईत?"