बिनपडद्याचा कॉम्प्युटर

पोयनाडच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की भातशेतांच्या मधोमध एक गाव लागतं. तिथल्या जयमालाला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. लग्नाआधी ती पेणला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. मग संसार, दोन मुली, आणि बघता बघता मधली सगळी वर्षं निघून गेली. मुली पनवेलला कॉलेजात गेल्या तेव्हा तिने घरबसल्या वेबसाईट बनवण्याचा कोर्स केला, आणि अलिबागजवळ होमस्टे चालवणाऱ्या दीपेशने स्वतःची साईट तिच्याकडे सोपवली. त्याची अट एकच होती. लोकांसमोर जाण्याआधी साईट त्याला फोनवर चालवून बघायची होती. रविवारी तो घरी येणार होता.

म्हणजे साईट आधी घरातल्या घरात चालवायला हवी, आणि त्यासाठी रोजच्या लॅपटॉपखेरीज सतत चालू राहणारा एक वेगळा कॉम्प्युटर हवा. तिचा नवरा निकेश न्हावा शेव्याला एका गोदामाच्या ऑफिसात होता. तिथे जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले होते, त्यातला एक साहेबांना विचारून तो घेऊन आला. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू गंजले होते. जयमालाने रंगाच्या ब्रशने आतली धूळ काढली, बटण दाबलं, आणि तो कुरकुरत का होईना सुरू झाला.

आता तो चालवायला त्यात कुठली सिस्टीम घालायची? ऐरोलीला कंपनीत असलेल्या धाकट्या भावाला, विपुलला, तिने फोन केला. लिनक्स घे, फुकट आहे, असं त्याने सांगितलं. त्यातही सगळ्यात नवीन आलंय ते घे, आणि डेस्कटॉप एडिशन घे. चित्रं, खिडक्या, माऊस, सगळं असतं, तुला सोपं जाईल. त्यातल्या 'तुला'वर त्याने किंचित जोर दिला, तो तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला.

डेस्कटॉप एडिशन दिसायला देखणं होतं. पडद्यावर निळा डोंगर उगवला तेव्हा तिच्या सासूबाई, पुतळाबाई, वाल निवडता निवडता मान वळवून बघत राहिल्या. पण त्या जुन्या यंत्राला तो थाट पेलवेना. पंखा घोंघावू लागला. फोनवर दीपेशची साईट उघडायला घेतली, तर चहा गाळून होईपर्यंत पहिला फोटोही आला नाही. कशाला किती ताकद लागतेय ते जयमालाने पडद्यावर पाहिलं. यंत्राची निम्मी ताकद तो डोंगर आणि त्या खिडक्या सांभाळण्यातच खर्च होत होती. आणि त्या बघणार कोण होतं? साईट सगळे फोनवरच बघणार. या कॉम्प्युटरसमोर तर कुणी बसणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन ती ओटीवर बसली. कुठलं एडिशन, कुठलं व्हर्जन, कशाला किती वर्षं दुरुस्त्या मिळत राहणार, हे तिने मांडून पाहिलं. विपुलने सांगितलेल्या सगळ्यात नव्याला फक्त नऊ महिने. मग तिच्या मनात आलं, साईट शेवटी ज्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसरात्र चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, जाणार आहे, तिथे काय आहे? तिने त्यांना विचारलं. दुपारी उत्तर आलं: सर्व्हर एडिशन, दोन वर्षांपूर्वीचं, पण अजून तीन वर्षं दुरुस्त्या मिळणारं.

फोनवर विपुलला हे पटलं नाही. त्यात नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं असतात, माऊससुद्धा चालत नाही, तुझ्याच्याने होणार नाही, असं तो म्हणाला.

"साईट जिथं कायमची राहायला जाणार, तिथं हेच आहे," जयमाला म्हणाली. "इथं वेगळंच काही घालून ती तपासली, तर मी तपासलं काय?"

पलीकडून विपुल म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं, ताई."

फोन ठेवल्यावर जयमाला उगाचच स्वयंपाकघरातून परसात आणि परसातून पुन्हा आत अशा दोन फेऱ्या मारून आली. तिला बसवत नव्हतं.

काळ्या पडद्याने तिला पहिल्या दिवशी रडकुंडीला आणलं. एक टिंब चुकलं की तो ऐकेना. पण दुसऱ्या दिवशी बोटांना वळण लागलं, आणि शुक्रवारी तिने पडद्याची वायरच काढून टाकली. पंखा आता ऐकूसुद्धा येत नव्हता. पुतळाबाईंना वाटलं, यंत्र मेलं.

"न्हाय आई, चालू आहे," सुनेने त्यांच्याच बोलीत सुरुवात केली आणि आपला फोन त्यांच्या हातात दिला. "हे बघा, यातून बोलतंय."

बोट लावताच साईट उघडली. पुतळाबाईंनी चष्मा लावला, आणि मग त्या थांबल्याच नाहीत. दिसेल ते बटण दाबलं. खोली घेतली, सोडली, पुन्हा घेतली. दोन माणसांच्या खोलीत चाळीस माणसं घातली, आणि साईटने निमूटपणे 'धन्यवाद' म्हटलं. जयमाला कपाळाला हात लावून वहीत लिहीत गेली. तेवढ्यात पुतळाबाई म्हणाल्या, "जयू, ह्यानं मला मे म्हयन्यात पोपटी दिली."

"म्हणजे?"

"मे म्हयना निवडला, जेवणात पोपटीवर बोट ठेवलं, तर व्हय म्हणतंय. मे म्हयन्यात वालाच्या शेंगा काय ह्ये यंत्रातून काढणार हाय?"

जयमाला जी हसत सुटली ती डोळ्यांना पदर लावूनच थांबली. पुतळाबाईही हसायला लागल्या, पण फोन काही त्यांनी सोडला नाही. पोपटी म्हणजे शेंगांनी भरलेलं मडकं भांबुर्डीचा रानातला पाला घालून जाळात ठेवायचं, ते थंडीतच. हे जयमालाला जन्मापासून माहीत होतं, आणि साईटला सांगायचं तीच विसरली होती.

शनिवारी दिवसभर बसून तिने एकेक चूक काढली. रविवारी दीपेश आला, बहिणीला, प्रणालीलाही घेऊन आला. दोघं ओटीवर बसून आपापल्या फोनवर बोटं फिरवत होते. प्रणालीने उन्हाळ्यातली तारीख टाकली आणि मोठ्याने वाचलं, "पोपटी डिसेंबर ते फेब्रुवारीच मिळेल." तिने भावाकडे बघितलं. मागच्या एप्रिलमध्ये एक पाहुणा पोपटीसाठी हटून बसला होता, त्याची समजूत घालता घालता तिचा अख्खा दिवस गेला होता.

"वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" दीपेशने विचारलं.

जयमालाने आत बघितलं. पुतळाबाई पदर सावरून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"यांनी तपासलीय," ती म्हणाली.

सोमवारी साईट खऱ्या सर्व्हरवर गेली. काहीही न बदलता, पहिल्याच फटक्यात चालली. जयमालाने तीन वेळा उघडून पाहिली, मग निकेशला, मुलींना आणि विपुलला पाठवली. विपुलचा लगेच फोन आला. त्याच्या ऑफिसातल्या एकाला घरी असाच सर्व्हर करायचा होता, तर ताईने जरा त्याच्याशी बोलावं.

"दे त्याला माझा नंबर," जयमाला म्हणाली. "पण आधी त्याला विचार, त्याची साईट राहायला कुठं जाणार आहे."